ठिणगी नाही म्हणजे तार बंद नाही

पाऊस लागला आणि 'तुटलेल्या तारेला घाबरू नका' हा मेसेज पुन्हा फिरायला लागला. काल तो माझ्या मामाने घरच्या ग्रुपवर टाकला. मामा रोज पहाटे 11 केव्ही लाइनखालून मळ्यात जातो, म्हणून गप्प बसवत नाही. मेसेज म्हणतो: तार पडताच सबस्टेशनचा ब्रेकर ट्रिप होतो, म्हणजे लाइन आपोआप बंद होते; ठिणगी नसेल तर तार बंद; कोरड्या काठीने ती बाजूला करा; कळवू नका, सबस्टेशनवाल्यांना जागा दिसते.

पहिल्या दोन गोष्टी जीव घेणाऱ्या आहेत. ब्रेकरला ट्रिप करायला सांगतो तो रिले, आणि तार पडली हे रिलेला कळत नाही, त्याला फक्त करंट कळतो. आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संघटनेच्या रिले समितीने 1996 च्या अहवालात आकडे दिलेत. साधारण 12.5 केव्हीची तार ओल्या गवतावर पडली तर जमिनीत करंट जातो 50 अँपियर, वाळलेल्या गवतावर 25, ओल्या वाळूत 15. कोरड्या वाळूत आणि कोरड्या डांबरावर शून्य. शून्य! फीडरचा, म्हणजे सबस्टेशनमधून निघणाऱ्या लाइनचा, रोजचा लोडच कितीतरी जास्त असतो. जमिनीत जाणारा करंट ओळखणारा अर्थ फॉल्टचा रिले वेगळा असतो हे खरं, पण तो इतका खाली लावला तर फेजमधल्या नेहमीच्या असमतोलानेच फीडर उडत राहील. म्हणजे डांबरावर शांत पडलेल्या तारेत पूर्ण 11 केव्ही फीडरचा दाब (व्होल्टेज) असू शकतो.

त्यात डीपीकडचं तुटलेलं टोक तर हमखास फसवतं. सबस्टेशनशी संबंध तुटला, आता कुठला करंट, असं वाटतं. पण उरलेल्या दोन फेजमधून ट्रान्सफॉर्मरच्या डेल्टा वाइंडिंगमार्गे (आत तिन्ही फेज एकमेकींना जोडणाऱ्या गुंडाळीतून) त्या टोकात उलटा दाब येतो. आणि लाइन ट्रिप झाली तरी बऱ्याचदा पुन्हा चार्ज करून पाहतात.

काठीबद्दल काय बोलायचं? पावसाळ्यात कोरडी काठी आणणार कुठून? तारेजवळच्या जमिनीतही दाब पसरलेला असतो. पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त, म्हणून बैल आधी जातो.

शेवटच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, तेवढं मान्य. 220 किंवा 400 केव्हीच्या टॉवर लाइनवर डिस्टन्स रिले व्होल्टेज आणि करंटवरून फॉल्ट किती किलोमीटरवर आहे ते सांगतो. गावच्या फीडरवर मात्र वायरमनलाच बहुतेक वेळा लाइन पायी फिरून फॉल्ट शोधावा लागतो. म्हणून 1912 ला फोन करा, खांबाचा किंवा डीपीचा नंबर सांगा, आणि वायरमन लाइन बंद करून अर्थिंग करेपर्यंत माणसं-जनावरं लांब ठेवा.