पंचविसावा संगणक हजर होईपर्यंत बाकीचे चोवीस चोरच

विंडोजचे परवाने आम्ही विकत घेतलेले आहेत. करारपत्र आहे, पावती आहे, लेखापरीक्षणात ती दोनदा तपासून झालेली आहे. तरीही आज सकाळी प्रशिक्षण कक्षातील एका संगणकाच्या पडद्यावर, उजव्या कोपऱ्यात, ‘विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करा’ ही फिकट अक्षरांतली ताकीद पुन्हा उमटली. या संगणकाचा मदरबोर्ड जळाला, तो बदलला, विंडोज नव्याने बसवले, आणि मग आमच्याच सर्व्हरने आमच्याच संगणकाला ओळख देण्यास नकार दिला. कारण काय, तर मोजणी पुरेशी नाही. पैसे पूर्ण भरलेले असताना नेमकी कशाची मोजणी अपुरी आहे, हा प्रश्न मी गेली अनेक वर्षे विचारत आलो आहे आणि त्याचे उत्तर दर वेळी मला अधिकच संतापजनक वाटते.

घाऊक परवाना घेणाऱ्यांसाठी केएमएस नावाची व्यवस्था आहे. आपल्या नेटवर्कवर एक सर्व्हर यजमान म्हणून उभा करायचा, मायक्रोसॉफ्टकडून मिळालेली की, म्हणजे परवान्याचा सांकेतिक क्रमांक, त्याच्यावर बसवून तो एकदा अ‍ॅक्टिव्हेट करून घ्यायचा, आणि मग बाकीच्या संगणकांनी डीएनएसमधील, म्हणजे नेटवर्कवरच्या नावा-पत्त्यांच्या यादीतील, नोंद पाहून १६८८ क्रमांकाच्या पोर्टवरून त्याच्याकडे हजेरी लावायची. प्रत्येक संगणकाला मान्यता मिळते ती १८० दिवसांपुरती, आणि ती टिकवण्यासाठी तो दर ७ दिवसांनी पुन्हा हजेरी लावतो. इथवर ठीक आहे. मेख पुढे आहे. किमान २५ वेगवेगळे संगणक आल्याशिवाय हा सर्व्हर एकाही संगणकाला होकार देत नाही. विंडोजच्या सर्व्हर आवृत्त्यांसाठी हा आकडा ५ आहे, पण साध्या संगणकांसाठी २५. चोवीस संगणकांचे चोख पैसे मोजून मोकळा झालेला माणूस या यंत्राच्या लेखी संशयितच राहतो.

आता यातला खरा विनोद पाहा. हा सर्व्हर तुम्ही किती परवाने घेतले आहेत हे मोजतच नाही. चाळीस परवाने घेऊन चारशे संगणक त्याच्याकडे पाठवले, तरी तो चारशेंनाही मुकाट्याने मान्यता देईल, कारण त्याला कमाल मर्यादा ठाऊकच नाही, फक्त किमान ठाऊक आहे. परवान्यांचा हिशेब ठेवण्याची जबाबदारी कराराने ग्राहकावर टाकलेली आहे. म्हणजे जे मोजायला हवे ते हे यंत्र मोजत नाही, आणि जे मोजण्याचे काहीच कारण नाही ते मात्र डोळ्यांत तेल घालून मोजत बसते.

पहिल्या खेपेला या मोजणीने माझे सलग दोन दिवस खाल्ले होते. एका संगणकावर सगळी जुळणी करून, त्याची इमेज, म्हणजे डिस्कची हुबेहूब प्रत, काढून ती मी उरलेल्या तीस संगणकांवर उतरवली. एकतीस संगणक चालू, नेटवर्क व्यवस्थित, आणि सर्व्हरवर मोजणी १. प्रत्येक पडद्यावर शेवटी ‘एफ०३८’ असलेला तोच तो चूकक्रमांक, म्हणजे मोजणी अपुरी. मी फायरवॉल पाहिली, डीएनएस पाहिले, केबल काढून पुन्हा लावल्या. अखेर सर्व्हरच्या नोंदवहीत १२२९० क्रमांकाच्या नोंदी एकेक करून उघडल्या, तेव्हा स्वल्पविरामांच्या गर्दीत दिसले की संगणकाचे नाव दर नोंदीत वेगळे असले, तरी त्यापुढची लांबलचक ओळख मात्र एकतीस ठिकाणी अक्षरशः एकच आहे. इमेज काढण्याआधी सिसप्रेप हे विंडोजमधलेच साधन चालवून ही ओळख पुसायची असते. ती मी पुसली नव्हती, ही चूक माझीच, ती मी नाकारत नाही. पण एकाच ओळखीचे एकतीस जण रांगेत उभे असल्याचे ज्या यंत्राला दिसत होते, त्याने ते एका वाक्यात सांगितले असते तर त्याचे काय बिघडले असते?

मग प्रत्येक संगणकावर ओळख नव्याने निर्माण करण्याची आज्ञा द्या, तो बंद करून चालू करा, हजेरी लावा, आणि नकार घ्या. एकापाठोपाठ एक असे चोवीस नकार मी त्या संध्याकाळी घेतले. पंचविसाव्याला होकार आला. आधीच्या चोवीस जणांनी कोणता गुन्हा केला होता आणि पंचविसाव्याने कोणते पुण्य, हे मला आजतागायत कळलेले नाही.

ज्यांना ही हजेरी नको असेल त्यांच्यासाठी एमएके नावाची दुसरी की आहे. ती एकदाच अ‍ॅक्टिव्हेट होते, पण तिला ठरावीक कोटा असतो, आणि संगणक भंगारात गेला तरी त्याच्यापायी खर्च झालेला आकडा कोट्यात परत येत नाही. हार्ड डिस्क बिघडून तोच संगणक पुन्हा उभा केला की आणखी एक आकडा गेला. नेटवर्कपासून मुद्दाम तोडून ठेवलेले दोन संगणक आमच्याकडे आहेत, त्यांचे अ‍ॅक्टिव्हेशन मी फोनवरून केले आहे. पडद्यावरचे सात-सात अंकांचे नऊ गट, म्हणजे ६३ अंक, एका रेकॉर्ड केलेल्या आवाजाला कळवायचे, आणि तो जे सहा-सहा अंकांचे आठ गट सांगेल ते ४८ अंक न चुकता टंकायचे. सहाव्या गटात मागे कोणी दार आपटले आणि मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. विकत घेतलेली वस्तू वापरण्यासाठी! तिसरा मार्ग अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतून, म्हणजे संस्थेतल्या संगणकांच्या आणि खात्यांच्या मध्यवर्ती नोंदवहीतून, जातो, विंडोज ८ च्या पिढीपासून उपलब्ध आहे, आणि त्यात किमान संख्येची अट नाही. पण त्यासाठी प्रत्येक संगणक डोमेनमध्ये, म्हणजे त्या नोंदवहीत, असावा लागतो, आणि आमच्या कक्षातले संगणक नाहीत. (शिवाय हा घाऊक परवाना मुळात आधीच्या पात्र विंडोजवर चढवण्यासाठी असतो, म्हणजे एकाच संगणकासाठी दोनदा पैसे मोजलेले असतात, पण तो राग वेगळा आहे.)

हे सारे का सुरू झाले? २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीच्या घाऊक कींना अ‍ॅक्टिव्हेशनच लागत नव्हते, त्या फुटल्या आणि जगभर पसरल्या. त्यावर उपाय म्हणून त्यानंतरच्या विंडोज व्हिस्टापासून ही हजेरी आली. आज चोरीचे विंडोज वापरणारा काय करतो? खोटा केएमएस चालवतो. त्या खोट्या सर्व्हरला पंचवीसची अट नसते, तो कधी कोणाला नकार देत नाही आणि वापरणाऱ्याला कोपऱ्यातली ताकीद दिसतही नाही. नकार, मोजणी, ६३ अंक हे सगळे पावती असलेल्यांच्या वाट्याला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

आणि संन्याशाने सगळे नियम पाळले तरी तो सुटतोच असे नाही. ऑगस्ट २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टचे पडताळणीचे सर्व्हर बिघडले, तेव्हा पैसे भरून घेतलेल्या प्रतीही बनावट ठरल्या. ८ जानेवारी २०१९ रोजी तर केएमएसने रीतसर अ‍ॅक्टिव्हेट केलेल्या विंडोज ७ च्या संगणकांवर, जिथे पडताळणीचे एक जुने अपडेट बसलेले होते तिथे, ‘ही प्रत अस्सल नाही’ असा शिक्का बसला. चूक पडताळणाऱ्यांची, आणि कर्मचाऱ्यांसमोर खुलासे देत बसायचे ते सिस्टिम सांभाळणाऱ्याने.

तर, आज सकाळचे प्रकरण. कक्ष सात आठवडे बंद होता. ३० दिवस हजेरी न लावलेल्या संगणकांची नोंद सर्व्हर गाळून टाकतो, त्यामुळे मोजणी गळत गळत १८ वर आली होती. ज्यांना आधीच मान्यता आहे ते १८० दिवस भरेपर्यंत तग धरतात, पण नव्याने आलेल्याला दार बंद. म्हणून ज्या संगणकांवर आज कोणी बसणारही नव्हते ते मी एकेक करून चालू करत फिरलो, प्रत्येकावर हजेरीची आज्ञा देत, अठरा, एकोणीस, वीस करत. चोविसावर गाडी अडली. शेवटच्या ओळीतल्या संगणकाची मदरबोर्डवरची बॅटरी संपली होती, त्याचे घड्याळ कित्येक वर्षे मागे गेले होते, आणि सर्व्हरच्या घड्याळापेक्षा चार तासांहून अधिक फरक असला की हजेरी नाकारली जाते. मी तारीख हाताने बसवली आणि पुन्हा आज्ञा दिली. पंचवीस. मग पहिल्या ओळीतल्या त्या नव्या मदरबोर्डच्या संगणकाकडे परत गेलो, तीच आज्ञा सहाव्यांदा दिली, आणि त्याला १८० दिवसांची मुदत मिळाली.