‘माय फर्स्ट किस’ कुणाचं? एक खुलासा

‘माय फर्स्ट किस’ हे पंक (वेगवान, दणदणीत रॉक) गाणं एका अमेरिकन बँडचं आहे आणि जपानी कार्टूनवाल्यांनी त्याची चाल उचलली, असा मजकूर सध्या फिरतोय. प्रत्यक्षात झालंय नेमकं उलट.

हे गाणं वाजवणारा हाय-स्टँडर्ड हा बँड जपानीच. 1991 मध्ये सुरू झालेला, तिघांचा. बहुतेक गाणी इंग्रजीत, त्यात अमेरिकेतल्या फॅट रेक कॉर्ड्‌स या रेकॉर्ड कंपनीनेही त्यांचे अल्बम काढलेले, त्यामुळे गोंधळ समजण्यासारखा आहे. पण मूळ गाणं ‘हाजिमेते नो चू’, म्हणजे ‘पहिलं चुंबन’. ते ‘किटेरेत्सू’ या कार्टून मालिकेतलं. हो, आपल्याकडे हिंदीत लागायचं तेच, ‘डोरेमॉन’च्या जनकाचं! मूळ गाण्यातला आवाज चिरका, लडिवाळ. हाय-स्टँडर्डने शब्द इंग्रजीत आणले, वेग वाढवला आणि गिटारी कडाडल्या. चाल मात्र तीच. (मला दोन्ही आवडतात, पण जीव मूळ गाण्यात जास्त.)

त्याच मजकुरात हाय-स्टँडर्डच्या ‘स्टे गोल्ड’ या गाण्यालाही उसनं ठरवलंय. तेही चूक. 1999 च्या ‘मेकिंग द रोड’ अल्बममधलं ते गाणं त्यांचं स्वतःचं आहे. त्यांनी वाजवलेलं ‘कान्ट हेल्प फॉलिंग इन लव्ह’ मात्र खरंच उसनं, एल्विस प्रेस्लीने गाजवलेलं.