‘ओपनहायमर’चे तीन ऑस्कर आणि रिकाम्या झालेल्या तीन जागा

२०२४च्या ऑस्करमध्ये ‘ओपनहायमर’ने छायाचित्रण, संकलन आणि पार्श्वसंगीत ही तिन्ही पारितोषिकं नेली, तेव्हा दिग्दर्शक क्रिस्टोफर नोलनच्या पारखी नजरेचं भरपूर कौतुक झालं. नजर आहेच, वाद नाही. पण हे तिघे त्याच्याकडे आले कसे? त्याचा जुना छायाचित्रकार वॉली फिस्टर स्वतःचा सिनेमा करायला गेला, म्हणून ‘इंटरस्टेलर’ला होयटे व्हॅन होयटेमा आला. संकलक ली स्मिथने ‘१९१७’ घेतला, म्हणून ‘टेनेट’ जेनिफर लेमकडे गेला. संगीतकार हान्स झिमरने ‘ड्यून’ निवडला, म्हणून ‘टेनेट’ला लुडविग गोरान्सन आला. जुना गडी उठला, तेव्हाच नव्याला जागा मिळाली.

बड्या दिग्दर्शकाची टीम म्हटलं की आपल्याला फक्त गुणवत्ता दिसते. त्यात तारखांचा वाटा किती मोठा असतो, यावर कुणी बोलत नाही.

मुळात दिग्दर्शकाचा शब्द चालतो तो करारामुळे. मुख्य पदांबाबत त्याला एकतर ‘मंजुरी’चा हक्क असतो, नाहीतर ‘सल्लामसलती’चा. सल्लामसलत म्हणजे स्टुडिओ विचारणार, ऐकेलच असं नाही. नवख्याच्या पदरी बहुधा हेच पडतं. (पहिला सहायक दिग्दर्शक निवडायचा हक्क मात्र डायरेक्टर्स गिल्ड या दिग्दर्शकांच्या संघटनेच्या करारामुळे त्यालाही असतो.) मातब्बर दिग्दर्शक मंजुरी तर घेतोच, शिवाय आपल्या नेहमीच्या माणसांची नावं आधीच मान्य करून घेतो. मग घासाघीस उरते ती मानधनाची आणि तारखांची. आणि गाडी अडते तीही तिथेच.

भरतीचा क्रमही बघण्यासारखा आहे. सेट उभारायला महिने लागतात, म्हणून प्रॉडक्शन डिझायनर खूप आधी ठरतो. छायाचित्रकार ठरला की तो एकटा येत नाही. गॅफर (प्रकाशयोजनेचा प्रमुख), की ग्रिप (कॅमेरा-दिव्यांची उभारणी बघणारा), कॅमेरा ऑपरेटर, फोकस पुलर (कॅमेऱ्याचा फोकस सांभाळणारा), सगळी त्याची माणसं मागोमाग येतात. म्हणजे दिग्दर्शकाने एका नावाला होकार दिला की अख्खं खातं भरतं. बाहेरच्या गॅफरने दिग्दर्शकाकडे खेटे घालून उपयोग नाही, त्याला छायाचित्रकाराच्या गोटात शिरावं लागतं. क्लिंट ईस्टवूडच्या सिनेमांत टॉम स्टर्न वर्षानुवर्षं गॅफर होता. २००२च्या ‘ब्लड वर्क’ला ईस्टवूडने त्यालाच छायाचित्रकार केलं.

संगीतकाराचं काम बहुतेकदा शेवटी येतं, म्हणून त्याची गच्छंतीही सोपी. संकलनाच्या टेबलावर तात्पुरतं म्हणून दुसऱ्याच कुणाचं संगीत लावलेलं असतं, आणि दिग्दर्शकाचा कान त्यालाच चटावतो. ‘२००१: अ स्पेस ओडिसी’साठी अ‍ॅलेक्स नॉर्थने संगीत लिहिलं, ध्वनिमुद्रितही झालं. दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिकने ते बाजूला ठेवून तात्पुरत्या लावलेल्या अभिजात रचनाच कायम ठेवल्या. नॉर्थला हे कळलं ते पडद्यावर सिनेमा बघताना! याला कलात्मक स्वातंत्र्य म्हणा हवं तर, मला तो उद्दामपणा वाटतो.

सगळीकडे दिग्दर्शकाचंच चालतं असंही नाही. थेल्मा स्कूनमेकरने १९६७ साली दिग्दर्शक मार्टिन स्कोर्सेसीचा पहिला सिनेमा संकलित केला होता. पण ती संकलकांच्या युनियनची सदस्य नव्हती आणि सदस्यत्वासाठी आधी बरीच वर्षं उमेदवारी करा, अशी अट होती. म्हणून सत्तरच्या दशकातले त्याचे स्टुडिओपट तिच्या हातून गेले. १९८०च्या ‘रेजिंग बुल’ला ती परत आली आणि ऑस्कर घेऊन गेली.

ठरलेल्या माणसांचा हा गोतावळा स्टुडिओलाही सोयीचा असतो. स्पीलबर्गसोबत संकलक मायकेल काह्न १९७७पासून, छायाचित्रकार यानुश कामिन्स्की १९९३पासून. अशा जोडीला सेटवर फार बोलावं लागत नाही, वेळापत्रकाचा अंदाज चुकत नाही. तोटा एवढाच की बाहेरच्याने कितीही चांगलं काम केलं तरी दार उघडायला कुणीतरी आजारी पडावं लागतं किंवा दुसरीकडे अडकावं लागतं.

ताकद वापरायचीच तर दिग्दर्शक रायन कूगलरसारखी. सुपरहीरोपट काढणाऱ्या मार्व्हलमध्ये स्टुडिओचा शब्द जड, तरी ‘ब्लॅक पँथर’ला त्याने ‘फ्रूटव्हेल स्टेशन’ या आपल्या छोट्याशा पहिल्या सिनेमातली माणसं नेली: छायाचित्रकार रेचल मॉरिसन, प्रॉडक्शन डिझायनर हॅना बीचलर आणि संगीतकार गोरान्सन, जो त्याचा कॉलेजचा दोस्त. बीचलर आणि गोरान्सन दोघांना २०१९ साली ऑस्कर मिळालं. वशिला म्हणाल तर हाही वशिलाच. पण तो ज्यांच्यासाठी लावला, त्यांना एवढ्या बजेटच्या सिनेमाच्या आसपासही तेव्हा कुणी उभं केलं नसतं.