टेसरॅक्टच्या पोटात छोटा घन नसतो

टेसरॅक्ट म्हणजे घनाचा चार मितींतला भाऊ: चौरसावरून जसा घन, तसा घनावरून टेसरॅक्ट. त्याच्याबद्दल समाजमाध्यमांवर फिरणारा मजकूर साधारण असा: ‘टेसरॅक्ट म्हणजे मोठ्या घनात बसवलेला छोटा घन. चौथी मिती म्हणजे काळ. म्हणूनच तो फिरताना आतला घन बाहेर येतो, बाहेरचा आत जातो. मानवी बुद्धीला हे कळणं अशक्य!’ सोबतीला गरगरणारं ॲनिमेशन.

छोटा घन? टेसरॅक्टला घन आठ असतात आणि आठही एकाच मापाचे. तारेच्या घनावर जवळून टॉर्च मारा, भिंतीवर मोठ्या चौकोनात छोटा चौकोन उमटेल. म्हणून तारेचा एक चौकोन छोटा होता असं कुणी म्हणत नाही. ॲनिमेशन ही तशीच सावली आहे. त्यात आतला एक, बाहेरचा एक आणि दोघांना जोडणारे, माथा छाटलेल्या पिरॅमिडसारखे दिसणारे सहा. त्या सहांना बिचाऱ्यांना कुणी मोजतच नाही.

काळाचं म्हणाल, तर आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धांतात तो चौथी मिती म्हणून येतो, हे खरं. पण गणितज्ञ मिंकोव्स्कीनं ती मांडणी १९०८ साली केली. श्लेफ्ली या स्विस गणितज्ञानं चतुर्मितीतले सहाही नियमित आकार, म्हणजे टेसरॅक्टसुद्धा, त्याच्या अर्धशतक आधीच शोधले होते. शिवाय सापेक्षतेत अंतराच्या सूत्रात काळाच्या वर्गाला उलटं चिन्ह लागतं. टेसरॅक्टच्या चारही दिशा मात्र एकाच पंगतीतल्या.

आत-बाहेर होणं हा सावलीचाच खेळ. मूळ आकाराची एकही कड ताणली जात नाही.

राहिलं ‘कळणं अशक्य’. हे मला सगळ्यात खटकतं, कारण इथे पायथागोरस पुरतो. चार निर्देशक, म्हणजे बिंदूची जागा सांगणारे चार आकडे घ्या, प्रत्येक +१ किंवा −१. झाले १६ कोपरे. एकच चिन्ह बदललं की शेजारचा कोपरा, म्हणजे कडेची लांबी २. प्रत्येक कोपऱ्यातून चार कडा, म्हणून एकूण ३२. आता केंद्रापासून कोपऱ्याचं अंतर काढा: √४, म्हणजे पुन्हा २! कड आणि हे अंतर सारखं, अशी गंमत ना चौरसात आहे ना घनात.

अजून एक. ज्यांच्या निर्देशकांची बेरीज शून्य येते, ते कोपरे वेगळे काढा: दोन अधिक, दोन उणे, असे सहा. समोरासमोरच्या जोड्यांमधलं अंतर ४, बाकी सगळ्यांमधलं √८. सगळे +१ असलेल्या कोपऱ्यापासून सगळे −१ असलेल्या कोपऱ्यापर्यंत जाणाऱ्या कर्णाला काटकोनात, बरोबर मधोमध टेसरॅक्ट कापला, तर हाच नियमित अष्टफलक (आठ सारख्या त्रिकोणांचा ठोकळा) हाती येतो. घन तसाच कापला असता तर षटकोन मिळाला असता.