885 मीटरसाठी घाना कशाला? या कमेंटला उत्तर

दादा, एवढी मोठी कमेंट लिहायला वेळ काढलात त्याबद्दल आधी थँक्यू, उत्तर पण लांबच होणारे, चहा घेऊनच बसा. बाकीच्यांसाठी, माझ्या घानातल्या अफाजाटो ट्रेकच्या पोस्टवर दादांचं म्हणणं थोडक्यात असं: घानाचा सगळ्यात उंच डोंगर अफाजाटो 885 मीटरचा, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या (1646) जेमतेम अर्धा, तो चढायला एवढा खर्च करून कोण जाईल, त्यात गाइड घेऊन गेलात म्हणजे ती सहल झाली ट्रेक नाही, फोटो सगळे धुरकट, आफ्रिका सेफ नाही हे मी मुद्दाम लपवलं, आणि जायचंच तर माणसानं किलिमांजारोला जावं. शेवटी शाकाहारी माणसानं तिकडे काय खायचं, हा प्रश्न.

किलिमांजारोचं पटकन संपवतो. ते टांझानियात आहे, खंडाच्या दुसऱ्या टोकाला. मुंबईपासून जेवढं लांब जवळपास तेवढंच घानाची राजधानी अक्रापासूनही लांब. मी नोकरीसाठी अक्रात होतो, शनिवार-रविवार हाताशी असायचे आणि व्होल्टा भागातले डोंगर गाडीनं चार-पाच तासांवर, म्हणून तिथे गेलो. फक्त अफाजाटो चढायला मुंबईहून विमान पकडा असं मी पोस्टमध्ये कुठेच म्हटलेलं नाही, ते तुम्ही स्वतःच्या पदरचं घातलंय.

आता उंची. हे आकडे समुद्रसपाटीपासूनचे असतात हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. पुणंच 560 मीटरवर आहे, त्यामुळे सिंहगड 1300 च्या पुढे असला तरी आपण आतकरवाडीतून सगळे 1300 थोडीच चढतो. अफाजाटोची वाट लियाटी वोटे गावातून निघते आणि सरळ वर जाते, वळणं बिळणं घेऊन चढ हलका करायची भानगडच नाही, नाकासमोर मुळं आणि दगड. त्यात तिथली दमट हवा. मे महिन्यात कोकणात दुपारी गड चढलाय का कधी? तसं समजा, फक्त वर झाडी एवढी दाट की वारा नाही आणि घाम वाळतच नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही, माणूस दमतो तो पायांनी नाही उकाड्यानं दमतो. आमच्यातला एक जण सह्याद्रीत वर्षानुवर्षं हिंडलेला, तो निम्म्या वाटेवर शर्ट पिळत बसलेला आणि गाइड मागे वळून म्हणतोय, स्मॉल स्मॉल, म्हणजे हळूहळू या. पाणी तिकडे अर्ध्या लिटरच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत मिळतं, कोपरा दातानं फाडायचा आणि प्यायचं, आमच्या पिशव्या माथ्याच्या बऱ्याच आधी संपल्या.

खरा मुद्दा माझ्या दृष्टीनं गाइडचा आहे, आणि इथे मला तुमचं अजिबात पटलेलं नाही. "खरा भटका वाट स्वतः शोधतो" असं लिहिलंत. घानात बहुतांश जमीन सरकारची नाही, ती टोळीप्रमुखांच्या गादीकडे नाहीतर कुळांकडे, घराण्यांकडे परंपरेनं चालत आलेली असते, आणि व्होल्टा भागात तर कुळांच्या जमिनी खूपच. म्हणजे तुम्ही जिला डोंगराची वाट म्हणताय ती सुरुवातीला कुणाच्या तरी कोकोच्या बागेतून आणि कसाव्याच्या वावरातून जाते. गावात एक ऑफिस आहे, तिथे रजिस्टरमध्ये नाव लिहायचं, फी भरायची, पावती घ्यायची, गाइड सोबत येतो. या पैशातला वाटा गावाच्या कामांना जातो असं पावती फाडणाऱ्यानंच आम्हाला सांगितलं. डोंगरावर झाडं ठेवायची, शिकारीला आळा घालायचा, तर गावाला त्यातून चार पैसे मिळायला नकोत का? तुम्ही फी चुकवून मागच्या बाजूनं घुसलात तर तुम्हाला भटका कुणी म्हणणार नाही, दुसऱ्याच्या वावरात न विचारता शिरलेला माणूस म्हणतील आणि बरोबरच म्हणतील. आपल्याकडे नाही का, घाटवाटेला गावातलं पोरगं बरोबर घ्या, त्याच्या घरी जेवा, त्याला नीट पैसे द्या, असं आपणच एकमेकांना सांगत असतो, मग तोच नियम लियाटी वोटेला लावला की ती लगेच सहल कशी होते?

आणि गाइडचा उपयोग कसा होतो तेही बघा. एका ठिकाणी आमचा गाइड एकदम थांबला आणि त्यानं कोयत्याच्या टोकानं खाली दाखवलं. वाटेवरून आडवी, बोटाएवढी जाड, काळी मुंग्यांची रांग चाललेली, आणि दोन्ही कडांना मोठ्या डोक्याच्या मुंग्या जबडे उघडून वर तोंड करून उभ्या. ह्या ड्रायव्हर मुंग्या. लांब ढांग टाका, थांबू नका, असं त्यानं सांगितलं. आमच्यातला एक शहाणा व्हिडिओ काढायला थांबला, आणि बघता बघता त्याच्या पँटच्या आतून मांडीपर्यंत मुंग्या, तो नाचतोय आणि गाइड शांतपणे एकेक उपटून काढतोय, धड तुटून हातात येतं पण डोकं कातडीला चावलेलंच राहतं, ते नंतर वेगळं काढावं लागतं. मला तर ती रांग दिसलीच नसती, वाळकी मुळी समजून पाय दिला असता.

फोटो धुरकट, मान्य, पण कॅमेऱ्याला दोष देऊ नका. डिसेंबर ते फेब्रुवारी तिकडे हरमॅटन वारा सुटतो, सहाराची धूळ घेऊन येतो, ओठ फुटतात, सूर्य पांढुरका दिसतो. स्वच्छ दिवशी माथ्यावरून एकीकडे टोगो आणि दुसरीकडे व्होल्टा तलाव दिसतो (1965 ला अकोसोम्बो धरण झालं त्यातून झालेला, साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेला), मला मात्र त्या दिवशी शेजारची टेकडी पण धड दिसत नव्हती. मग पावसात का नाही जायचं? जा की. फक्त तिकडचा पाऊस आपल्यासारखा जून-सप्टेंबर एकसलग नसतो, दक्षिण घानात तो दोनदा येतो, मोठा साधारण एप्रिल ते जुलै, ऑगस्टमध्ये जरा उघडीप, मग सप्टेंबरपासून पुन्हा. त्याच भागातल्या होहोए गावाजवळचा व्ली धबधबा पावसातच बघावा. खालच्या टप्प्याची वाट सपाट आहे, तोच ओढा पुन्हा पुन्हा छोट्या पुलांवरून ओलांडायचा, म्हातारी माणसं पण जातात, आणि समोरच्या कड्यावर हजारो फळं खाणारी वटवाघळं लटकलेली, त्यांचा कलकलाट पाण्याच्या आवाजात पण ऐकू येतो. वरच्या टप्प्याची वाट मात्र ओल्यात घसरडी होते, तिथे जपून.

सेफ्टीचं. "आफ्रिका" असा एक देश नाही दादा. घानात 1992 पासून दर चार वर्षांनी निवडणुका होतायत, सरकारं हरतात आणि निमूट खुर्ची सोडतात. उत्तरेला बुर्किना फासोच्या सीमेकडचा भाग आणि बावकू शहर, तिकडे जाऊ नका हे मी पण सांगेन. पण व्होल्टाचे डोंगर पूर्वेला, टोगोच्या सीमेवर. ती सीमा पण कसली, पहिल्या महायुद्धात जर्मनांकडून टोगोलँड घेतल्यावर ब्रिटिश आणि फ्रेंचांनी वाटून घेतलं तेव्हाची रेघ, दोन्हीकडे इवे जमातीचे लोकच, आमच्या गाइडची मावशी पलीकडे. ब्रिटिशांकडचा तुकडा 1956 च्या सार्वमतानंतर घानात आला. त्याच भागातल्या आमेद्झोफे गावाजवळ गेमी डोंगरावर लोखंडी क्रॉस का, असं कुणीतरी मागे विचारलं होतं, तोही जर्मन मिशनऱ्यांचाच वारसा.

घाबरायचंच असेल तर डासाला घाबरा. तिकडचा मलेरिया बहुतेक फाल्सिपेरम जातीचा असतो, तो जीव घेऊ शकतो. जायच्या आधी डॉक्टरला विचारून प्रतिबंधक गोळ्या सुरू करायच्या, परत आल्यावरही सांगितलेत तितके दिवस घ्यायच्या, मध्येच सोडायच्या नाहीत, आणि नंतर साधा ताप आला तरी डॉक्टरला पहिलं वाक्य "पश्चिम आफ्रिकेत जाऊन आलोय" हेच. यलो फीव्हरची लस निघायच्या किमान 10 दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच, आणि त्या लसीचं पिवळं कार्ड हँडबॅगेत ठेवा, कारण ते घानात शिरताना तर बघतातच पण नसेल तर परत येताना आपल्याच विमानतळावर क्वारंटाइनला बसवतात. व्होल्टा तलावात डुंबायचा मोह आवरा, पाण्यात बिल्हार्झिया नावाच्या रोगाचे जंत असतात.

राहिलं खाणं. उपाशी मरणार नाही. "रेड रेड" मागा, पाम तेलातली चवळीची उसळ आणि बरोबर तळलेली पिकली राजेळी केळी, मी आठवडेच्या आठवडे त्यावर काढलेत. फक्त आत मासा घातलाय का ते आधी विचारा, कधी कधी घालतात. वाचे म्हणजे चवळी घालून शिजवलेला भात, तोही चालेल, पण त्यावर शितो नावाची काळपट तिखट चटणी न विचारता वाढतात, दिसायला अगदी आपलीशी वाटते आणि आत सुकी मासळी नि कोळंबी असते, तेव्हा ताट पुढे यायच्या आधीच नको म्हणून सांगा. आणि ताट घेताना डावा हात पुढे करू नका, ते तिकडे पण चालत नाही.