‘ब्रश दिले तर विकून टाकतात’ म्हणणाऱ्यांना

‘बेघरांना टूथब्रश वाटू नका, विकून गुटखा खातात. ज्यांना पोटाची भ्रांत, त्यांना दातांचं काय पडलंय? कॅन्सरचे फोटो दाखवा, भीतीनेच सुधारतील.’ हा मेसेज ठाण्यातल्या ग्रुपांवर फिरतोय. मी इथल्या एका निवारा केंद्रात दर रविवारी जाते, म्हणून उत्तर देते.

वापरलेला टूथब्रश विकत घेणार कोण? ब्रश हरवतात, हे खरं. पण ते ठेवायचे कुठे? सुप्रीम कोर्टाच्या २०१० च्या आदेशाप्रमाणे मोठ्या शहरांत दर लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवा. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत सामानासाठी लॉकरही आहेत. जिथे लॉकर नाही, तिथे ब्रश कपड्यांच्या बोचक्यात जातो आणि बोचकं रोज कामावर. आम्ही मोरीजवळ खिळ्यांची फळी ठोकली. बऱ्याच जणांना वाचता येत नाही, म्हणून ज्याने त्याने आपल्या दांड्याला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला. त्यानंतर ब्रश क्वचितच हरवले.

‘दातांचं काय पडलंय’ हे वाचून मात्र मला राग आला. तुर्भ्याच्या मार्केटात हमाली केलेले एक काका तोंडावर हात ठेवूनच बोलायचे. विचारलं तर म्हणाले, “ताई, माणूस आधी तोंडाकडे बघतो, मग काम दुसऱ्याला देतो.” एका मावशींनी दात घासणं सोडलं होतं, कारण घासलं की रक्त यायचं. त्यांना वाटे, ब्रशनेच हिरड्या फाटतात. खरं उलटं आहे. हिरडीच्या कडेला साचलेल्या किटणामुळे हिरडी सुजते आणि रक्त येतं. मऊ ब्रशने रोज हलक्या हाताने घासलं की बहुतेकांचं आठ-पंधरा दिवसांत कमी होतं. नाही झालं तर डॉक्टर. मावशींना मधुमेह आहे, आणि हिरड्यांचा आजार नि वाढलेली साखर एकमेकांना खतपाणी घालतात. हे त्यांना आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

गुटख्याबद्दल मेसेज अर्धा खरा आहे. राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी पुड्या मिळतात. बायकांत मिश्रीही चालते. पण दाढ ठणकत असली की तंबाखू दाबून ठेवतात, दुखणं जरा बधिर होतं, भूकही मरते. म्हणून आधी दाढ, मग तंबाखूचा विषय. नेरुळ-बेलापूरकडच्या डेंटल कॉलेजांत शिकणारे डॉक्टर वरिष्ठांच्या देखरेखीखाली कमी खर्चात उपचार करतात. फक्त पत्ता देऊन भागत नाही. सोबत जावं लागतं, केसपेपर काढावा लागतो, रांगेत बसावं लागतं.

राहिले फोटो. एकदा शिबिरात दाखवले होते. पाच-सहा जण उठून गेले आणि पुढच्या तपासणीला आलेच नाहीत. “आता काय उपयोग,” म्हणाले.

आता आम्ही आधी विचारतो, काय त्रास होतो? मग एकच गोष्ट सांगतो: झोपण्यापूर्वी घासा. झोपेत लाळ कमी सुटते, तेव्हाच कीड जास्त लागते. वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट, दोन मिनिटं, थुंकायचं, वर खळखळून चूळ भरायची नाही. मोरीवर आरसा नव्हता, तोही लावला.

रात्री नऊला काका नव्या पोरांना हाळी देतात, “ए, दोरा बांधलास का?” तोंडावर हात न ठेवता.