पाच मिनिटांत मोजता येते ती कोरड

मी ह्यूस्टनमध्ये दातांची डॉक्टर आहे. माझा एक पेशंट इराकहून परतलेला माजी सैनिक, पन्नाशीतला. कानाखालच्या लाळग्रंथीत कर्करोग निघाला. ऑपरेशन, रेडिएशन, सगळं पार पडलं. गाठ गेली, आणि लाळही गेली. पाण्याच्या घोटाशिवाय त्याला पावाचा घास उतरत नाही. रात्री जीभ टाळूला चिकटते, म्हणून तीन-चारदा उठतो. दोन वर्षांत सात दात हिरडीलगत किडले. लाळ दातांची राखण करते, हे ती आटल्यावरच लोकांना कळतं.

विषारी धुराची झळ बसलेल्या माजी सैनिकांसाठी अमेरिकेने केलेला 2022 चा पॅक्ट कायदा मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. लष्करी तळांवर कचऱ्याचे खड्डे उघड्यावर जाळले, त्या धुरात राहिलेल्यांना डोक्याचा किंवा मानेचा कर्करोग झाला, तर तो नोकरीमुळेच झाला असं धरलं जातं. उपचार संपेपर्यंत आणि पुढे सहा महिने अपंगत्व 100 टक्के धरतात, आणि त्या टक्क्यांवर महिन्याचा भत्ता ठरतो. नंतर फेरतपासणी, आणि जो त्रास उरला असेल त्याचे टक्के.

माझं म्हणणं या उरलेल्या त्रासाबद्दल आहे. जबडा किती मिलिमीटर उघडतो, हे नियमात आहे. चव पूर्ण गेली तर 10 टक्के, हेही आहे. पण लाळ किती येते, याचं माप कुठे आहे? अपंगत्वाचे टक्के ठरवायच्या तक्त्यात ज्या आजाराला स्वतःचा क्रमांक नाही, त्याला जवळच्या आजाराचा लावतात. म्हणजे ज्याचं तोंड उघडतं, ज्याचा चेहरा नीट दिसतो, त्याची कोरड कोणत्या फूटपट्टीने मोजणार? 2025 मध्ये 10 टक्क्यांना महिन्याला 175 डॉलर मिळत होते, तर एकट्या माणसाला 100 टक्क्यांना 3,831. शिवाय 100 टक्केवाल्याला दातांचे सगळे उपचार मिळतात, त्याखाली आलं की अटी लागतात. दात किडायला लागतात तेही नेमके रेडिएशननंतरच्या त्या महिन्यांत आणि वर्षांत.

आणि हे मोजता येत नाही असं अजिबात नाही. पेशंटला शांत बसवायचं, पाच मिनिटं तोंडात येईल ती लाळ कपात सोडायला सांगायची. निरोगी माणसाची दीड-दोन मिलिलिटर भरते. अर्ध्या मिलिलिटरच्या आत आली तर ग्रंथी नीट काम करत नाहीत. याला महागडं यंत्र लागत नाही. हा आकडा नियमात यायलाच हवा.

परवा माझ्या त्या पेशंटची लाळ मोजली. पाच मिनिटांनी कपाचा तळ जेमतेम ओला होता. रिपोर्टमध्ये तो आकडा मी पहिल्या ओळीत लिहिला.